वधूने स्वतः केलेले

फळ हातात आलं की काका ते आधी उलटं करायचे. आंबा असो, पेरू असो, कुणाच्या घरी पुढे आलेल्या ताटातला चिकू असो. वरची बाजू बघायचीच नाही. देठाची खाच बघायची, बूड बघायचं, दाबाने काळा पडलेला डाग शोधायचा. सापडला की चेहरा खुलायचा. म्हणायचे, "तोंड काय बघायचं? तोंड सगळ्यांचंच चांगलं असतं. बूड बघा."

मीरा रोडला पूनम सागरच्या फळवाल्यांना त्यांची सवय पाठ झाली होती. "अंकल, लेना है तो लो, नहीं तो रखो," म्हणून ते ओरडायचे. हे शांतपणे सांगायचे, "लेने का नहीं है, देखने का है." आणि मग गाडीवरचा सगळ्यांत वाईट, कुणी फुकट घेणार नाही असा चिकू पूर्ण पैसे मोजून घरी न्यायचे. तुम्ही त्या बाजूला राहत असाल तर तुम्हीही त्यांना पाहिलं असेल. पांढरा हाफ शर्ट, गळ्यात चष्म्याची दोरी आणि डोळ्याला लावलेला सडका चिकू. तुम्हालाही वाटलं असेल, माणूस वेडा आहे. आमच्या बिल्डिंगलाही तसंच वाटायचं. फक्त आम्हाला त्यांची गरज होती.

ते रुखवताची फळं करायचे. लग्नाच्या हॉलमध्ये मुलीकडचे एका बाजूला टेबल मांडतात ना, लोकरीचं तोरण, सुपारीचे भटजी, साखरेचं तुळशीवृंदावन, त्याच्या मधोमध यांची टोपली असायची. टोपली तळहातात मावेल एवढी. तीत हरभऱ्याएवढे हापूस, मोहरीहून जरा मोठी द्राक्षं, वाटाण्याएवढं सीताफळ, आणि त्या सीताफळाचा एकेक डोळा वेगळा करून सुईने बसवलेला. सगळं पॉलिमर क्लेचं, म्हणजे भाजल्यावर कडक होणाऱ्या प्लॅस्टिकच्या मातीचं. आधी ते कुठल्याशा रंगाच्या कारखान्यात शेड जुळवायचं काम करत. रिटायर झाल्यावर मुंबईतली खोली विकून आमच्या बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर आले. लग्न केलेलं नव्हतं. स्वयंपाकघरात ओव्हन होता, पण त्यात खाण्याची वस्तू कधी गेली नाही. त्यात फळं भाजली जायची आणि ते स्वतः डब्याचं जेवायचे.

संत्र्याची साल ते जुन्या टूथब्रशने टोचून उठवायचे. आंब्याच्या गालावरची लाली मात्र कोरडी. रंगीत खडू खरवडून त्याची भुकटी मऊ ब्रशने फुंकर घातल्यासारखी लावायची. "ओला रंग लावला की फळ मेकअप केल्यासारखं दिसतं. तुमच्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या नवरीसारखं."

तोंड असं होतं. ऑर्डर द्यायला मुलगी आईबरोबर आली की मुलीलाही फळासारखंच बघायचे.

"मुलगा काय करतो?"

"आयटीत आहे, काका."

"अच्छा. रामफळ."

"म्हणजे?"

"काही नाही. दिसायला बरं असतं."

आई हसायची, मुलीचं तोंड उतरायचं. तरी सगळ्या त्यांच्याकडेच यायच्या, कारण अख्ख्या मीरा-भाईंदरमध्ये तसा हात दुसरा नव्हता. शेजारच्या गुजराती बेननी एकदा फ्रीजवर चिकटवायला फळं मागितली, तर म्हणाले, "बेन, फल फ्रिज के अंदर रखते हैं." आणि दार लावून घेतलं.

प्रत्येक टोपलीत ते एक फळ किडकं करायचे. बहुतेक पेरू. त्याला सुईच्या टोकाचं भोक आणि भोकाभोवती चहाच्या डागासारखं वर्तुळ. आया कुरकुरायच्या, "काका, शुभकार्यात किडकं फळ कशाला?" त्यावर, "एक किडकं लागतंच. नाहीतर टोपली दुकानातली वाटते." हॉलवर पोचल्यावर बहुतेक आया तो पेरू गुपचूप काढून पर्समध्ये टाकायच्या.

टोपलीपुढे पुठ्ठ्याची पट्टी असायची. 'चि. सौ. कां. अमुक हिने स्वतः केलेले.' ती पट्टीसुद्धा तेच लिहून द्यायचे. अक्षर छापल्यासारखं. याला आम्ही कुणी खोटं म्हणत नव्हतो. रुखवत विकतचं असलं तरी मुलीनेच केलेलं असतं, ही रीतच आहे. सगळ्यांना माहीत असतं आणि कुणी कुणाला विचारत नाही.

त्यांची एकच अट होती. लग्नाचं बोलावणं हवं. हॉलवर यायचे, टेबलापासून थोडं लांब खांबाशी उभे राहायचे आणि बायका काय बोलतात ते ऐकायचे. कुणी जेवायला बोलावलं तर म्हणायचे, "जेवायला नाही आलो." एखादी बाई म्हणाली, "काय हात आहे गं मुलीचा!" की हळूच पुढे सरकून विचारायचे, "कुठलं आवडलं?" तिने सीताफळ म्हटलं की मान डोलवायची आणि निघून जायचं. तेवढंच त्यांना हवं असायचं. हे मला तेव्हाही दिसत होतं. मला दिसलं नव्हतं, असं मी इथे म्हणणार नाही.

माझ्या अनुजाच्या लग्नातही ते खांबाशी उभे होते. अनुजाचं सासर विरारचं. माझ्या विहीणबाई शाळेत शिवण शिकवायच्या. त्यांची नजर टाक्याटाक्यावर फिरणारी. टोपलीसमोर त्या थांबल्या, चष्मा पुसला, वाकून बघितलं.

"विहीणबाई, हे अनुजाने केलं? कुठे शिकली?"

"हो, तिनेच," एवढं म्हणून गप्प बसता आलं असतं. पण मी म्हणाले, "कुठे नाही हो. क्लास नाही, काही नाही. लहानपणापासून बोटांतच आहे तिच्या."

माझ्या मुलीला साधी चपाती गोल येत नव्हती. विहीणबाई मोठ्या घरच्या नव्हत्या, पण बोलणं मोठं होतं, आणि साखरपुड्यापासून मी त्यांच्यापुढे वाकून दमले होते. एकदा तरी आमचं काही वरचढ असावं, एवढंच मनात होतं.

ते खांबापासून पुढे आले. "पेरू कसा वाटला?" त्यांनी विहीणबाईंना विचारलं. गडबडीत मी तो काढायला विसरले होते.

"हा किडका? अहो, यातच तर सगळं आहे!"

असं त्यांना आजवर कुणी म्हटलं नव्हतं. त्या दिवशी ते जेवून गेले.

पुढे वर्षभराने अनुजाच्या नणंदेचं, श्रुतीचं, लग्न ठरलं. विहीणबाईंनी जाहीर केलं, "रुखवत वहिनीच करणार." अनुजाने आज-उद्या केलं. मग त्यांनी स्वतःच दादरला जाऊन क्ले आणली आणि तिला जेवणाच्या टेबलाशी बसवलं. "जास्त नको. एक लिंबू कर." तिने केलं. भाजल्यावर त्याला तडा गेला. तिला येतच नाही, हे त्यांच्या डोक्यातही आलं नाही. येणारी बाई मुद्दाम बिघडवतेय असं त्यांना वाटलं. "माहेरी बोटं चालत होती, सासरी आली आणि गळली का? नणंदेचं करायचं म्हणून हात आखडतेस?" रोज हेच. नवराही म्हणायला लागला, "अगं, कर ना, एवढं काय?"

अनुजा रविवारी माहेरी येऊ लागली आणि बॅग ठेवून थेट तळमजल्यावर जाऊ लागली. मी एकदा दारात उभी राहून पाहिलं. तिने केलेलं लिंबू त्यांनी उचललं, उलटं केलं आणि अंगठ्याने टेबलावर चिरडलं.

"याला कावीळ झालीय. पुन्हा."

तिने पुन्हा केलं. "हे लिंबू आहे की मावशीच्या नाकावरचा मस? पुन्हा."

तिसऱ्यांदा ती रडायला लागली. त्यांनी तिच्याकडे न बघता हात पुसायचं फडकं पुढे सरकवलं. "रडून झालं की देठ कर. देठ जमेल तुला." खरंच देठ तिला जमले. पण नुसत्या देठांनी रुखवत होत नाही. शेवटी एका रविवारी ते म्हणाले, "राहू दे. श्रुतीचं मीच करतो, तू नेऊन दे. मला काय, एक पट्टी आणखी."

तिथे सगळं सुटलं होतं. पण आमच्या कॉम्प्लेक्सच्या महिला मंडळाचं हस्तकलेचं प्रदर्शन होतं आणि मी कमिटीत होते. मी त्यांच्याकडे गेले. म्हटलं, "काका, आजवर दुसऱ्यांच्या नावाने मांडलंत. एकदा स्वतःच्या नावाने मांडा."

"नको."

"का?"

"नाव लावलं की लोक बूड बघतात."

मी हटले नाही. दोन-तीनदा गेले. मला मनापासून वाटत होतं की हे व्हायला हवं. असं दुसऱ्याचं चांगलं करायला निघालं की आपल्याला आपण किती बरे वाटतो, ते तुम्हालाही माहीत असेल. श्रुतीसाठी केलेली टोपली तयार होती. म्हटलं, तीच दोन दिवस मांडा, मग अनुजा नेईल. ते कबूल झाले. प्रदर्शनाच्या सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून, दाढी करून आले. पट्टीवर नाव लिहिलं होतं. इतक्या मुलींची नावं बिनचूक लिहिणाऱ्या माणसाचा स्वतःच्या नावाला अंदाज चुकला होता. जागा पुरली नव्हती, आडनाव खालच्या ओळीत गेलं होतं. त्या दिवशी ते खांबाशी उभे राहिले नाहीत. टेबलामागे खुर्चीवर बसले.

दुपारी विहीणबाई आल्या. अनुजाला घेऊन, न कळवता. "म्हटलं, विहीणबाईंचं प्रदर्शन आहे, चला, सरप्राइज देऊ." मी पुढे होईपर्यंत त्या टोपलीपाशी पोचल्या होत्या.

"अगंबाई! ही तर आपली टोपली!"

पेरू त्यांनीच उचलला. "हा बघा. हेच भोक, हाच डाग." मग पट्टी वाचली, त्यांच्याकडे बघितलं. "हे तुम्ही केलंत?"

ते माझ्याकडे बघत राहिले. अनुजाचा चेहरा पांढरा पडला होता.

विहीणबाई माझ्याकडे वळल्या. आवाज अगदी मऊ. "विहीणबाई, मग आमच्या लग्नातलं कुणी केलं होतं?"

'यांनीच केलं होतं. रीत असते हो.' एवढं वाक्य पुरलं असतं. चार दिवस टोमणे झाले असते, जन्मभर एक किस्सा झाला असता. मी म्हणाले, "अनुजाने. हे आमच्याच बिल्डिंगमधले. ती रविवारी यायची ना, तेव्हा तिच्याकडून शिकायचे. तिच्याच वस्तू ठेवून घेतल्या आणि आता स्वतःचं नाव लावून बसलेत."

खोटं चांगलं बसलं. विहीणबाईंना इतक्या दिवसांचं सगळं उलगडलं. "म्हणजे दर रविवारी ही पळायची ती इथे? आणि आपल्या घरी हात लावत नव्हती, कारण माल इकडे चालला होता!"

हॉलमध्ये बायका जमल्या. त्यांच्यातल्या कित्येकींच्या मुलींच्या रुखवतात यांचीच टोपली होती. एक शब्द कुणीही बोलू शकली असती. पण बोलली असती तर तिच्याही विहिणीला कळलं असतं. त्यांनी एकमेकींकडे बघितलंसुद्धा नाही. पहिलं तोंड उघडलं ते पाचव्या मजल्यावरच्या बाईने. तिच्या मुलीची टोपली आदल्याच वर्षीची.

"मला तर आधीपासून शंका होती. पुरुषाच्या हाताला एवढं बारीक जमतं का कधी?"

त्यावर हशा पिकला. हशा पिकल्यावर सगळ्यांची सुटका झाली.

"काय हो, खरं आहे का हे?" विहीणबाईंनी त्यांना विचारलं.

त्यांनी चष्मा काढला. अनुजाकडे बघितलं. ती मान खाली घालून उभी होती. ते उठून उभे राहिले.

"खरं आहे. अनुजाताईंकडूनच शिकलो."

आजवर त्यांनी तिला 'ए पोरी'शिवाय हाक मारली नव्हती.

"आणि ही टोपली?"

"त्यांचीच."

मंडळाच्या अध्यक्षबाईंनी पट्टी उचलली. "काका, या वयात हे शोभतं का? द्या बरं पेन." पेन त्यांच्याच खिशात होतं. पट्टी उलटी करून बाई अनुजाचं नाव लिहू लागल्या. अक्षर वाकडं यायला लागलं. काकांना ते बघवेना. "द्या, मी लिहितो," ते म्हणाले. आणि उभ्याउभ्याच, छापल्यासारख्या अक्षरात लिहिलं, 'सौ. अनुजा हिने स्वतः केलेले.' अंदाज अजिबात चुकला नाही. मग कुणीतरी सांगितलं, खुर्ची ताईंना द्या. त्यांनी ती पुसून दिली.

अनुजाची ओटी भरली, फोटो निघाले. संध्याकाळी विहीणबाई टोपली घेऊनच विरारला गेल्या. श्रुतीचं काम झालं होतं.

रात्री फोनवर अनुजा म्हणाली, "आई, तू असं बोलायला नको होतंस."

"मग तू का गप्प बसलीस?"

तिने फोन ठेवला. त्यानंतर आम्ही दोघींनी तो विषय काढला नाही.

त्यांच्याकडे लग्नाच्या ऑर्डरी येणं थांबलं. चोराकडून कोण घेणार? खरं सांगायचं तर ज्यांना सत्य माहीत होतं, त्यांनीच हे जास्त जोरात सांगितलं. लहान मुलं जिन्यात 'आंबेचोर' म्हणून ओरडून पळायची, आणि आया आतून म्हणायच्या, "असं म्हणू नये रे," पण दार उघडून बाहेर कुणी येत नसे. एकदा जुन्या ओळखीवर ते गोडदेवच्या एका हॉलवर गेले आणि नेहमीसारखे खांबाशी उभे राहिले. मुलीच्या मावशीने जवळ जाऊन विचारलं, "काका, आमंत्रण आहे का तुम्हाला?" ही गोष्ट त्या मावशीने मला हसत हसत सांगितली. मीही हसले.

माझ्याशी त्यांनी बोलणं सोडलं नाही, हे जास्त वाईट झालं. लिफ्टपाशी भेटले की विचारायचे, "अनुजा कशी आहे?"

"मजेत."

"लिंबू जमायला लागलं?"

मी ते टोमणा समजायचे आणि जिन्याने जायचे. आता वाटतं, त्यांना खरंच विचारायचं असेल. फळवाल्यांपाशी मात्र ते पुन्हा दिसले नाहीत. त्यांच्या दारावरून जाताना भाजलेल्या क्लेचा तो जरासा उग्र वास मात्र येत राहिला. कुणासाठी करत होते, कोण जाणे. मी कधी बेल वाजवली नाही.

हे लिहितेय असं मी अनुजाला सांगितलं. तिच्या सासूबाई वाचतील, श्रुतीच्या सासरी वाचलं जाईल, आमच्या बिल्डिंगमधल्या बाया तर नक्कीच. ती म्हणाली, "आता कशाला, आई? आता कुणाला उपयोग?" तिचं बरोबर आहे. उपयोग ज्यांना झाला असता ते गेल्या पावसाळ्याच्या शेवटी गेले. ताप आला, हॉस्पिटलमध्ये नेलं आणि परत आले नाहीत. मी बघायला गेले नव्हते. ऑफिसात ऑडिट चालू होतं असं मी सांगितलं. ऑडिट नव्हतं.

आठवड्याभराने दाराची बेल वाजली. कोल्हापूरहून त्यांचा भाचा आला होता, फ्लॅट रिकामा करायला. साधा, अदबशीर माणूस. पायाशी पुठ्ठ्याचे खोके रचलेले, घामाने शर्ट चिकटलेला.

"अनुजाताईंच्या आई तुम्हीच ना?"

"हो."

"मामांनी हॉस्पिटलमध्ये सांगितलं होतं. घरात जेवढी फळं आहेत ती सगळी तुमच्या मुलीची आहेत, तुम्हाला परत करायची." त्याने वरचा खोका उघडला. आत मिठाईचे डबे, प्रत्येकात कापूस, कापसावर ओळीने मांडलेली फळं. अंजिरं, करवंदं, जांभळं, फोडलेलं डाळिंब. इतक्या वर्षांत कधी कुठल्या टोपलीत न पाहिलेली. "बघून घ्या. यात काही कमी तर नाही ना?"

मी डबे बघितले. म्हणाले, "नाही. सगळं आहे."

त्याने खोके आत आणून दिले. भिंतीशी नीट लावून ठेवले. पाणी विचारलं तर नको म्हणाला. दारात जाऊन थांबला. 

"खाली लोक काय काय सांगत होते," तो म्हणाला. "आम्हाला यातलं काहीच माहीत नव्हतं हो. मामा तसे नव्हते. पण आता झालं ते झालं. त्यांच्या वतीने मी तुमची माफी मागतो." आणि त्याने हात जोडले.

तेव्हा सांगता आलं असतं. दारात तो एकटाच होता. विहीणबाई नव्हत्या, मंडळ नव्हतं, कुणाचा संसार मोडणार नव्हता.

"असू दे," मी म्हणाले. "आम्ही त्यांना केव्हाच माफ केलंय."

त्याला बरं वाटलं. तो हलक्या पावलांनी जिना उतरून गेला.